राउटरचं फर्मवेअर जपून ठेवायचं, पण कोणत्या सर्व्हरवर?

नागपुरात मे महिना लागला की नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचा फोन जरा जास्तच वाजू लागतो. ऑफिसात वापरायचे बहुतेक राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील, असं त्यांच्या कागदावर छापलेलं असतं. या शहरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मुख्य कार्यालयात एसी असतो, पण काटोल, उमरेड, सावनेरच्या शाखेतला राउटर जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत, इन्व्हर्टरला खेटून बसवलेला असतो. वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि एखाद्या दुपारी तो सुरूच होत नाही. मग धावपळ करून त्याच मॉडेलचा दुसरा राउटर आणला जातो. जपून ठेवलेली कॉन्फिगरेशनची फाइल त्यात टाकली जाते, आणि अर्ध्या ओळी तो नाकारतो. मॉडेल तेच असलं तरी आतलं फर्मवेअर वेगळ्या आवृत्तीचं निघतं.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. ती काही केबीची साधी मजकुराची फाइल असते. मेलनेही पाठवता येते. फर्मवेअरचं तसं नाही. ती राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि तिचा बॅकअप घ्या म्हटलं की हमखास उत्तर येतं, ‘कंपनीच्या साइटवरून पुन्हा उतरवून घेऊ की.’ सिस्कोसारख्या कंपन्यांकडे त्यासाठी चालू सेवा करार लागतो. करार संपलेला असतो, मॉडेल बंद झालेलं असतं, किंवा नेमकी आपली आवृत्ती यादीतून काढून टाकलेली असते. तुमच्या राउटरवर गेली चार वर्षं विनातक्रार चालत असलेली आवृत्ती मिळण्याची खात्रीची जागा एकच, तो राउटर. तो धडधाकट आहे तोवर ती बाहेर काढून ठेवायची.

बाहेर काढायची म्हणजे राउटरने ती फाइल नेटवर्कवरून एखाद्या संगणकाकडे पाठवायची, आणि त्या संगणकावर ती घ्यायला कुणीतरी तयार बसलेलं हवं. हे घेणारं सॉफ्टवेअर म्हणजे फाइल ट्रान्सफर सर्व्हर. वेकोलिसारखी खाणीखाणींत पसरलेली संस्था किंवा मिहानमधल्या मोठ्या कंपन्या यासाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. पंधरा-वीस शाखांची पतसंस्था, तीन इमारतींचं कॉलेज, मध्यम आकाराचं हॉस्पिटल, गल्लीतला इंटरनेट पुरवठादार अशा ठिकाणी एकच माणूस सगळं बघत असतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘भाऊ, फ्रीमधलं कोणतं चांगलं आहे, तेवढं सांगून द्या ना.’

सॉफ्टवेअरचं नाव मात्र शेवटी येतं. आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. राउटरला कोणकोणते प्रोटोकॉल येतात, तो बिघडलेल्या अवस्थेत त्यांतला कोणता बोलू शकतो, आणि राउटर व सर्व्हर यांच्यात अंतर किती आहे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की दोन-तीनच नावं उरतात.

जुना आणि साधा : टीएफटीपी

राउटरच्या जगात सर्वांत जास्त ऐकू येणारं नाव टीएफटीपी. यातल्या पहिल्या ‘टी’चा अर्थच क्षुल्लक, किरकोळ असा आहे. एमआयटीतल्या कॅरेन सॉलिन्स यांनी लिहिलेला त्याचा मसुदा १९८१मध्ये आरएफसी ७८३ म्हणून निघाला, आणि सुधारलेला १९९२मध्ये आरएफसी १३५० म्हणून. तो मुद्दाम एवढा छोटा ठेवला, की यंत्राच्या बूट रॉममधल्या थोडक्या जागेतही मावावा. म्हणूनच तो आजही टिकून आहे.

त्याचं काम असं चालतं. राउटर सर्व्हरच्या यूडीपी ६९ या पोर्टवर विनंती पाठवतो, ‘या नावाची फाइल लिहायची आहे.’ सर्व्हर होकार देतो, पण उत्तर ६९वरून न देता दुसऱ्याच एखाद्या मोकळ्या पोर्टवरून देतो. मग राउटर ५१२ बाइटचा पहिला तुकडा पाठवतो आणि थांबतो. सर्व्हरची पोच आली की दुसरा तुकडा, पुन्हा थांबणं. ५१२पेक्षा लहान तुकडा आला, की फाइल संपली असं दोघंही समजतात. या सगळ्यात वापरकर्त्याचं नाव नाही, पासवर्ड नाही, फोल्डरमध्ये काय आहे हे बघायची सोय नाही. फाइलचं नेमकं नाव ठाऊक असलं तर काम होईल, नाहीतर नाही.

उत्तर दुसऱ्या पोर्टवरून येतं, ही बारीकशी गोष्ट अनेकांची संध्याकाळ खाते. फायरवॉलमध्ये ६९ उघडला, तरी फाइल सरकत नाही. वाटेत नॅट असेल तर बहुधा नाहीच सरकत. टीएफटीपी वापरायचा तर राउटर आणि सर्व्हर यांच्यामध्ये शक्यतो फक्त एक स्विच असावा.

दुसरा अडथळा ३२ एमबीचा. तुकड्यांना दिलेला क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे तो ६५,५३५पर्यंतच जातो. त्याला ५१२ने गुणलं की ३२ एमबीला जरा कमी भरतं. मूळ नियम लिहिला गेला तेव्हा एवढी मोठी फाइल कोण पाठवणार, असं वाटलं असावं. नवे सर्व्हर क्रमांक संपला की पुन्हा शून्यापासून मोजतात. काही जुने तिथेच मान टाकतात. सिस्कोच्या २८०० मालिकेच्या शेवटच्या काळातली फर्मवेअर्स ३२ एमबी केव्हाच ओलांडून गेली होती, आणि ४००० मालिकेची तर चारशे-पाचशे एमबीच्या घरात जातात. तुमची फाइल दरवेळी ३२ एमबीच्या आसपास अडत असेल, तर केबल बदलत बसू नका, सर्व्हर बदला.

तिसरी गोष्ट अंतराची. हे खोल विहिरीतून एकाच बादलीने पाणी शेंदण्यासारखं आहे : दोर कितीही चांगला असला तरी विहीर जितकी खोल तितका वेळ, आणि बादली जितकी लहान तितक्या खेपा. हिशेब करून बघू. ५०० एमबीचं फर्मवेअर म्हणजे ५१२ बाइटचे १०,२४,००० तुकडे. सर्व्हर त्याच खोलीत असेल आणि जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल, तर साधारण सतरा मिनिटं. तालुक्याच्या शाखेतून नागपूरला यायला लिंक मुंबईचा वळसा घेत असेल आणि फेरीला वीस मिलिसेकंद लागत असतील, तर पाच तास एकेचाळीस मिनिटं. तुम्ही १०० एमबीपीएसची लिंक घेतली असली तरी यात फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळ लाइन रिकामीच असते. आणि गडचिरोलीच्या आतल्या भागातली एखादी शाखा उपग्रहाच्या लिंकवर असेल, तिथे फेरीला सहाशे मिलिसेकंद धरले, तर सात दिवसांहून जास्त.

बादली मोठी करता येते. १९९८मध्ये आलेल्या आरएफसी २३४८ने तुकड्याचा आकार दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यायची सोय केली. सिस्कोच्या नव्या आवृत्त्यांत ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइज’ ही आज्ञा देऊन तो ८,१९२ बाइटपर्यंत नेता येतो. त्याच वीस मिलिसेकंदांच्या लिंकवर मग पावणेसहा तासांची एकवीस मिनिटं होतात. पण इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १,५०० बाइटच मावतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या तुकड्याची वाटेत शकलं होतात आणि त्यांतलं एक हरवलं तरी पूर्ण तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. लिंक खात्रीची नसेल तर १,४६८ बाइट बरे. शीर्षकाचे बाइट वजा जाता फ्रेममध्ये तेवढेच बसतात. वेळ दोन तासांच्या आसपास लागेल, पण काम तडीस जाईल. अर्थात सर्व्हरलाही ही सोय समजली पाहिजे. जुन्या टीएफटीपी सर्व्हरना ती समजत नाही, आणि सॉफ्टवेअर निवडताना विचारायचा हा पहिला खरा तांत्रिक प्रश्न.

एफटीपी आणि एसएसएच

एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१मध्ये लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा ते एमआयटीत होते. आज आपण वापरतो तो एफटीपी १९८५च्या आरएफसी ९५९मधला. तो टीसीपीवर चालतो, त्यामुळे दर तुकड्यामागे थांबत नाही. लिंकची क्षमता असेल तेवढी वापरतो. १०० एमबीपीएसवर ५०० एमबी मिनिटभरात. खातं आणि पासवर्ड असतो, पण तो उघड्या मजकुरात जातो. वाटेत कुणी कान लावून बसला तर त्याला तो सरळ वाचता येतो. शिवाय सिस्कोच्या राउटरमध्ये हा पासवर्ड कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवला, तर तो टाइप ७ या पद्धतीने झाकला जातो, आणि ती पद्धत उलटवायला काही सेकंद पुरतात. म्हणून एफटीपीसाठी वेगळं खातं करा, ज्याला फक्त बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिता येईल, बाकी काहीच नाही.

एसएसएच १९९५मध्ये हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठात ताटू इलोनेन यांनी लिहिलं, आणि त्याच्या वाटेने चालणारे एससीपी आणि एसएफटीपी हे दोन प्रकार फाइली नेतात. पासवर्डही गुप्त, फाइलही गुप्त, सगळं एकाच पोर्टवरून, २२. फायरवॉलमध्ये एक ओळ लिहिली की झालं. जुन्या राउटरचा प्रोसेसर कूटलेखनात दमतो, त्यामुळे तिथे एससीपी एफटीपीपेक्षा बराच हळू चालतो. रात्री अकराला लावून झोपायला गेलं तर त्याचं काही वाटत नाही.

मग सगळीकडे एसएसएचच का नाही? कारण राउटर आजारी पडतो.

राउटर उठत नाही तेव्हा

सिस्कोच्या राउटरला फ्लॅशमध्ये चालवण्याजोगं फर्मवेअर सापडलं नाही की तो रोमॉन नावाच्या प्राथमिक अवस्थेत थांबतो. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमच नसते, त्यामुळे एसएसएच नाही, एफटीपी नाही. बऱ्याच मॉडेलांना तिथे कन्सोल केबल आणि टीएफटीपी एवढंच कळतं. राउटरचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव अशा पाच गोष्टी हाताने भरायच्या, आणि ‘टीएफटीपीडीएनएलडी’ ही आज्ञा द्यायची. यात फ्लॅशमधलं जुनं सगळं पुसलं जातं, अशी सूचना पडद्यावर येते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. यूएसबी पोर्ट असलेल्या मॉडेलांत पेनड्राइव्हवरून थेट बूट करता येतं, आणि ती सोय असेल तर मी टीएफटीपीच्या वाटेलाही जाणार नाही.

घरगुती राउटरांत हेच वेगळ्या रूपात दिसतं. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत रिसेटचं बटण दाबून धरत राउटर चालू केला, की तो स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या टीएफटीपी सर्व्हरकडे ठरावीक नावाची फाइल मागतो. संगणकाला तो पत्ता द्यायचा, फाइलला ते नाव द्यायचं, आणि वाट बघायची. अशा राउटरमधून चालू फर्मवेअर बाहेर काढायची सोय बहुधा नसते. अपडेट करताना उतरवलेली फाइल न पुसणं हाच त्याचा बॅकअप.

मायक्रोटिकचंही वेगळंच आहे, आणि छोट्या इंटरनेट पुरवठादारांकडे या लाटव्हियातल्या कंपनीचे राउटर भरपूर दिसतात. एकदा बसलेलं पॅकेज त्यातून फाइल म्हणून परत काढता येत नाही. पण कंपनी जुन्या आवृत्त्या विनामूल्य उतरवू देते, त्यामुळे पॅकेजची एनपीके फाइल आणि राउटरचं मॉडेल यांची नोंद ठेवली की पुरे. मेलेला मायक्रोटिक उठवायला त्यांचंच नेटइन्स्टॉल वापरतात, आणि तेही सुरुवातीची बूट फाइल पाठवतं ती टीएफटीपीनेच.

तेव्हा दोन गरजा वेगळ्या आहेत. रोजच्या बॅकअपसाठी सुरक्षित, दुरून चालणारा, खातं विचारणारा सर्व्हर. आणि संकटाच्या वेळी त्याच टेबलावर, एका केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर चालणारा टीएफटीपी. दोन्ही कामं एकाच सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचा हट्ट धरला की निवड चुकते.

आता नावं

विंडोजच्या लॅपटॉपसाठी माझी पसंती फिलिप जूनँ यांच्या टीएफटीपीडी ६४ला. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, तुकड्याचा आकार ठरवणं त्याला समजतं, आणि फाइल किती गेली हे खिडकीत दिसत राहतं. त्यात डीएचसीपी, डीएनएस आणि सिसलॉग सर्व्हरही आहेत. सेटिंगमध्ये जाऊन टीएफटीपी सोडून बाकी सगळ्यांवरची खूण काढा. ऑफिसच्या लॅनवर भलत्याच लॅपटॉपने डीएचसीपीचे पत्ते वाटायला सुरुवात केली, तर राउटर राहतो बाजूला आणि पूर्ण मजला ओरडत येतो. लॅपटॉपला वायफाय आणि केबल असे दोन पत्ते असतील तर केबलचा पत्ता निवडला आहे ना, हेही बघा. निम्म्या वेळा गोची तिथेच असते, उरलेल्या निम्म्या वेळा विंडोजच्या फायरवॉलमध्ये.

सोलरविंड्सचा मोफत टीएफटीपी सर्व्हर सेवेच्या रूपात मागे चालत राहतो आणि ४ जीबीपर्यंतची फाइल घेतो. चांगला आहे, पण ‘मागे चालत राहतो’ हीच मला खटकणारी बाजू. टीएफटीपी विसरून चालू राहणं बरं नव्हे. थ्रीकॉमचा थ्रीसीडीमन अजूनही लोकांच्या पेनड्राइव्हवर फिरताना दिसतो. थ्रीकॉम कंपनी २०१०मध्ये एचपीने घेतली, या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकांची नोंद २००५चीच आहे. तो पुसून टाका. आणि विंडोजच्या ‘फीचर्स’मध्ये टीएफटीपीचा जो पर्याय दिसतो, तो क्लायंट आहे, सर्व्हर नाही, त्यावर खूण करून तासभर वाट बघणारे कमी नाहीत.

फाइलझिला सर्व्हरबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. त्याच्या मोफत सर्व्हरमध्ये एफटीपी आणि एफटीपीएस आहे, एसएफटीपी नाही. नावं सारखी, प्रकार वेगळे, आणि राउटरांना एफटीपीएस सहसा येत नाही. विंडोजवरच एसएसएच हवं असेल तर विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून ओपनएसएसएच सर्व्हर ऐच्छिक घटक म्हणून मिळतो. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

कायमच्या सर्व्हरसाठी मात्र लिनक्सच. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, आणि ओपनएसएसएच. टीएफटीपी लागलाच तर टीएफटीपीडी-एचपीए. त्याचं फोल्डर डेबियनमध्ये ‘/एसआरव्ही/टीएफटीपी’ इथे असतं, आणि मूळ मांडणीत तो नवी फाइल तयारच करू देत नाही. आधीपासून असलेल्या आणि सर्वांना लिहिता येईल अशा फाइलवरच तो लिहितो. राउटर ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो, आपण राउटरला शिव्या घालतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘--क्रिएट’ हा पर्याय जोडला आणि फोल्डरची मालकी टीएफटीपीच्या खात्याला दिली की अडचण संपते. ‘--सिक्युअर’ हा पर्याय राहू द्या. त्यामुळे सर्व्हर त्या फोल्डरच्या बाहेर बघू शकत नाही.

ओपनएसएसएचमध्ये तीन खाचखळगे आहेत. बॅकअपच्या खात्याला फक्त एसएफटीपीपुरतं बांधून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण सिस्कोचा जुन्या धाटणीचा एससीपी मग चालत नाही, कारण त्याला सर्व्हरवर एससीपीची आज्ञा चालवायची असते. दुसरा जुन्या राउटरांचा. ओपनएसएसएचने २०१५मध्ये ७.० आवृत्तीत आणि २०२१मध्ये ८.८ आवृत्तीत जुन्या, कमकुवत पद्धती मूळ मांडणीत बंद ठेवल्या. दहा-बारा वर्षांपूर्वीचा राउटर नव्या उबुंटूला जोडायला जातो आणि दोघांचं कशावरच एकमत होत नाही. सर्व्हरवर जुन्या पद्धती सगळ्यांसाठी उघडणं मला पटत नाही. त्यापेक्षा दिशा उलटी करा : राउटरवर एससीपी सर्व्हर चालू करा आणि लिनक्सकडून फाइल ओढून घ्या. लिनक्सच्या बाजूला सवलत त्या एका राउटरच्या नावापुरती लिहिता येते. इथे तिसरा खळगा येतो. २०२२च्या ९.० आवृत्तीपासून ‘एससीपी’ ही आज्ञा आतून एसएफटीपी वापरते, म्हणून जुन्या राउटरसाठी तिला मोठ्या लिपीतला ‘-ओ’ जोडावा लागतो.

एक बॅकअप, पहिल्यापासून

सिस्कोच्या राउटरवर लॉगिन करा. ‘शो व्हर्जन’ द्या आणि ‘सिस्टिम इमेज फाइल’ ही ओळ शोधा. फ्लॅशमध्ये दोन-तीन फर्मवेअर्स पडलेली असू शकतात; आपल्याला हवं ते, ज्यावरून राउटर आत्ता चालू आहे. ‘शो फ्लॅश’मध्ये त्याचा आकार बाइटमध्ये लिहून घ्या. मग ‘व्हेरिफाय /एमडी५’ आणि फाइलचं नाव द्या. राउटर थोडा वेळ ठिपके काढत बसतो आणि शेवटी बत्तीस अक्षरांची एक ओळ देतो. ती कॉपी करून ठेवा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची चीज तीच.

आता ‘कॉपी फ्लॅश: एससीपी:’. राउटर एकेक विचारतो : कोणती फाइल, सर्व्हरचा पत्ता, खात्याचं नाव, तिकडे काय नाव द्यायचं. फाइलचं मूळ नाव बदलू नका, त्यात मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही असतात. शाखा आणि तारीख फोल्डरच्या नावात घाला. पासवर्ड दिला की पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग धावू लागते. टीएफटीपीत उद्गारचिन्हांच्या जागी टिंबं दिसू लागली, तर पोच येत नाही असं समजा. शेवटी किती बाइट गेले ते छापून येतं. तो आकडा आधी लिहून घेतलेल्या आकाराशी जुळला पाहिजे.

जुळला म्हणजे झालं का? नाही. लिनक्सवर ‘एमडी५सम’ चालवा आणि त्या बत्तीस अक्षरांशी ताडून बघा. फर्मवेअर कंपनीच्या पानावर अजून असेल तर तिथल्या एमडी५शी किंवा एसएचए५१२शीही ताडा. हे फाजील वाटत असेल, तर सप्टेंबर २०१५मधली गोष्ट ऐका. मँडियंट या सुरक्षा संस्थेने सिस्कोच्या राउटरांत बदललेलं फर्मवेअर शोधून काढलं; त्याला सिनफुल नॉक असं नाव पडलं. चौदा राउटर, चार देश : युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि भारत. मॉडेलं १८४१, २८११, ३८२५, म्हणजे आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणारीच. बदललेल्या फर्मवेअरचा आकार मूळ फाइलएवढाच ठेवलेला होता. नुसता आकार बघणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं. ओळखीच्या ग्रुपवरून ‘आयओएस पाठवा ना कुणीतरी’ म्हणत मिळवलेली (आयओएस म्हणजे सिस्कोचं फर्मवेअर) फाइल राउटरवर का चढवू नये, याचं उत्तरही यातच आहे. परवान्याचा प्रश्न तर वेगळाच.

ओळख न विचारणारी सोय चालू ठेवून जाणं किती महागात पडू शकतं, ते एप्रिल २०१८मध्ये दिसलं. सिस्कोच्या स्विचमधल्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीला ओळख पटवायची पद्धतच नव्हती. हल्लेखोर बाहेरून तिला सांगत, ‘तुझी कॉन्फिगरेशन या टीएफटीपी सर्व्हरवर पाठव,’ आणि ती मुकाट पाठवत असे. अशी १,६८,००० उपकरणं इंटरनेटवर उघडी असल्याचं सिस्कोनेच तेव्हा सांगितलं. तुमच्याकडे जुने स्विच असतील तर ‘नो व्हीस्टॅक’ देऊन ती सोय बंद करा, आणि राउटरांना बाहेरच्या कुठल्याही पत्त्यावर यूडीपी ६९ने जाऊ देऊ नका.

सर्व्हरच्या नोंदींचंही बघावं लागतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायची असते. कोणत्या खात्याने, कोणत्या पत्त्यावरून, कधी फाइल ठेवली, हे एसएसएचच्या नोंदीत मिळतं. टीएफटीपीच्या नोंदीत फार तर पत्ता मिळतो. खातंच नसल्याने माणूस सापडत नाही. ऑडिटर विचारेल तेव्हा हा फरक कळतो.

मला विचाराल तर अशा ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर डेबियन आणि ओपनएसएसएच कायम चालू ठेवावं, त्याच यंत्रावर टीएफटीपीडी-एचपीए बसवून पण बंद ठेवावं, आणि फिरतीच्या लॅपटॉपवर टीएफटीपीडी ६४, कन्सोल केबल आणि सगळ्या शाखांच्या फर्मवेअरची एक प्रत असावी. फर्मवेअर बदललं की नवी प्रत, नाहीतर वर्षातून एकदा जुन्या प्रतींचा एमडी५ पुन्हा ताडून बघणं, एवढं पुरतं. कपाटात पडलेला एखादा जादा राउटर असेल, तर या उन्हाळ्याआधी त्याचं फर्मवेअर मुद्दाम पुसून रोमॉनमधून परत चढवून बघा. सॉफ्टवेअरचा सगळा खर्च शून्य रुपये आहे. कन्सोल केबल तेवढी चांगली घ्या.